आधी पाणी, मग काठी

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात नवं गिऱ्हाईक शिरलं की त्याचा हात पहिल्यांदा काठीकडे जातो. काठ्या भिंतीला रांगेने उभ्या असतात, चकचकीत असतात, आणि दुकानदारही त्याच पुढे करतो, कारण बिल तिथेच फुगतं. मग काठीला शोभेल असं रीळ, रिळात मावेल तेवढी दोरी, आणि शेवटी पैसे देता देता 'हेही असू देत' म्हणून गळांची एक पुडी. हा सगळा क्रम उलटा आहे. माशाच्या तोंडात जातो तो गळ. गळ जागेवर ठेवतं ते शिसं. शिसं किती लागेल ते ठरवतो प्रवाह. काठीचं काम या सगळ्यांच्या मागून येतं. म्हणून सामान निवडायला सुरुवात करायची ती पाण्याच्या टोकाकडून, आणि हातातल्या टोकाशी सगळ्यात शेवटी यायचं.

  मासेमारीतही पोटापाण्याचा धंदा वेगळा आणि सुट्टीच्या दिवशी गरी घेऊन खाडीवर जाऊन बसणं वेगळं. डोळ कुठे लावावी, रापण कधी ओढावी, हे सातपाटीच्या किंवा मालवणच्या माणसाला लेख लिहून सांगायला जाऊ नये. पुढचं सगळं हौसेने गरवणाऱ्यासाठी आहे.

पाण्यासमोर उभं राहिल्यावर स्वतःला चार गोष्टी विचारायच्या. तळ कसला आहे: वाळू, चिखल, की खडक? पाणी किती जोरात वाहतंय? ते नितळ आहे की गढूळ? आणि मासा लागलाच तर तो पळून कुठे घुसेल? या चार उत्तरांत नव्वद टक्के खरेदी ठरून जाते.

यातला सर्वांत जास्त चकवणारा प्रश्न प्रवाहाचा, कारण किनाऱ्यावर तो तासातासाला बदलतो. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब अजूनही चालतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते, पण घरून कधी निघायचं हे ठरवायला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा फरक कमी. शिवाय किनाऱ्याच्या कोणत्या टोकाला उभे आहात त्यावरही हे अवलंबून आहे. मुंबईला मोठ्या उधाणात साडेचार मीटरच्या वरचे आकडे दिसतात, मालवणकडे त्याच तिथीला त्याच्या निम्म्यानेच पाणी हलतं.

आता हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब बारा भागांचा आहे: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी सरकतं. चार मीटरची चढ असेल तर त्यातले दोन मीटर एवढ्यात येतात, आणि खाडीच्या अरुंद तोंडाशी त्याचा जोर असा असतो की टाकलेला गळ पाच मिनिटांत आपल्याच पायाशी परत येतो. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर दोरीवरचा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे तासाभरापूर्वी ३० ग्रॅमचं शिसं जिथे निवांत बसलं होतं तिथे आता १०० ग्रॅमही घसरत जातं, आणि लोकांना वाटतं की मासे गेले. मासे तिथेच असतात, आमिष तिथे नसतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सगळेच करतात: जड शिसं. दुसरा फारसं कुणी करत नाही: बारीक दोरी. पाण्याचा रेटा दोरीच्या जाडीच्या प्रमाणात असतो. २० पौंड ताकदीची साधी नायलॉन दोरी साधारण ०.४० मिलिमीटर जाड असते. त्याच ताकदीची विणलेली, दुकानात 'ब्रेड' म्हणतात ती, जवळपास निम्म्या जाडीची. म्हणजे तेवढ्याच पाण्यात तिच्यावर निम्माच रेटा, आणि शिसंही कमी पुरतं. उधाणाच्या पाण्यात वजन वाढवत नेण्याआधी दोरी बदलून पाहावी.

शिशाचा आकार तळाप्रमाणे घ्यायचा. वाळूवर चौकोनी मनोऱ्यासारखं, टोकदार शिसं रुतून बसतं. गोल गोळी तिथे गडगडत जाते. चिखलात मात्र टोकदार आणि जड शिसं आमिषासकट आत गाडलं जातं, म्हणून तिथे चपटं आणि हलकं बरं. खडकात काहीही टाकलं तरी अडकणार, हे गृहीतच धरायचं. तिथे शहाणे लोक शिसं वापरतच नाहीत. गंजका नट, तुटका बोल्ट, दोरी बांधता येईल असा भोकाचा दगड, जे टाकून द्यायला जीव चुकचुकणार नाही ते बांधतात.

ते कसं बांधतात हे नीट पाहण्यासारखं आहे. मुख्य दोरी ३० पौंडांची असेल तर वजन तिला थेट बांधत नाहीत. दोरीच्या टोकाला स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, स्विव्हलला हातभर लांब लीडर, म्हणजे गळाआधीचा दोरीचा वेगळा तुकडा, आणि गळ. आणि त्याच स्विव्हलच्या कडीतून वीतभर लांबीची, मुद्दाम कच्ची, ८-१० पौंडांची जुनी दोरी खाली सोडून तिला नट. नट कपारीत अडकला की काठी आडवी न ओढता दोरी हाताला फडका गुंडाळून सरळ ओढायची. कच्ची दोरी तुटते, नट समुद्राला जातो, गळ आणि मासा परत येतात. मासा लागलेला असताना वजन अडकलं तर हीच कच्ची दोरी तुमचा मासा वाचवते. हिसका मारून फेकायचं असेल तर मात्र ती हवेतच तुटेल, म्हणून खडपावरून फेक हलक्या हाताची, झोका दिल्यासारखी.

शिशाबद्दल आणखी एक. ते विषारी आहे. तळाशी पडलेल्या बारीक गोळ्या पाणपक्षी खडे समजून गिळतात. हंस मरायला लागले म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये लहान आकाराच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. आपल्याकडे असा नियम नाही, पण शिशाची गोळी दाताने दाबून दोरीवर बसवायची सवय तरी सोडावी. पक्कड कशाला असते?

दोऱ्या मुळात तीन. साधी नायलॉनची एकतारी दोरी सर्वांत स्वस्त, खडकावर घासली तरी बऱ्यापैकी टिकणारी, आणि ताण आला की २०-२५ टक्के लांबणारी. ही लांबण्याची सवय तिचा गुणही आहे आणि दोषही. मोठा मासा अचानक उसळला तर ती धक्का पोटात घेते. पण साठ-सत्तर मीटरवर माशाने टोचलेलं आमिष तिच्यातून हाताला जाणवत नाही. विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे तळावर खेकड्याने आमिष चिमटलं तरी बोटाला कळतं. पण तीच दोरी कालवं चिकटलेल्या खडकाला एकदा घासली की खलास. शिवाय ती पाण्यावर तरंगते, वाऱ्यात फुगते, आणि चांगल्या कंपनीची घ्यावी तर महाग पडते. तिसरी फ्लोरोकार्बन. तिचा प्रकाश वळवण्याचा अंक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. ती पाण्याच्या जास्त जवळची म्हणून नितळ पाण्यात कमी दिसते, घासणं सोसते आणि बुडते. पूर्ण रीळभर भरण्याइतकी ती मऊही नसते आणि स्वस्तही. तिचा उपयोग शेवटच्या मीटर-दीड मीटरसाठी, लीडर म्हणून.

त्यावरून सरळ हिशेब निघतो. वाळूचा मोकळा किनारा, लांब फेक, खाली घासायला काही नाही: ब्रेड. खडप: जाड नायलॉन, किंवा ब्रेड असेल तर पुढे दोन-तीन मीटर जाड नायलॉनचा लीडर. गढूळ खाडी: लीडर दिसतो की नाही याची फिकीर नको, घासण्याची करा. धरणाचं नितळ, थांबलेलं पाणी: बारीक नायलॉन, हवं तर फ्लोरोकार्बनचं टोक. नवशिक्याला एकच दोरी घ्यायची असेल तर माझं मत साध्या नायलॉनला. ती गुंतली तर सुटते. ब्रेडचा गुंता कात्रीनेच सुटतो.

ब्रेडने जड वजन फेकायचं असेल तर पुढे जाड लीडर लागतोच, नाहीतर फेकतानाच बोट कापतं किंवा शिसं सुटून गोळीसारखं जातं. जुना अंदाज असा की दर २८ ग्रॅम वजनामागे १० पौंड ताकद धरावी. १०० ग्रॅमचं शिसं फेकणार असाल तर लीडर ३५-४० पौंडांचा. हे गणित माशासाठी नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यासाठी आहे.

गाठ घट्ट करण्याआधी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची. कोरडी नायलॉन घासून तापते आणि तिथेच कच्ची होते. ब्रेड गुळगुळीत असल्याने साध्या गाठीतून सटकते, तिला पालोमारसारखी दुहेरी गाठ लागते. आणि दर दहा-पंधरा फेकींनंतर शेवटचा मीटरभर भाग अंगठ्याच्या नखावरून ओढून पाहायचा. नखाला जराही खरखर लागली की तेवढा तुकडा कापून टाकायचा, हळहळायचं नाही. मोठे मासे बहुतेक वेळा याच खरखरीतून सुटतात.

गळाचे आकडे नव्या माणसाला गोंधळात टाकतात. १०, ८, ६, ४, २ असा आकडा उतरत जातो तसा गळ मोठा होत जातो, १ नंतर १/०, २/०, ३/० असे आकडे चढायला लागतात आणि गळ मोठाच होत राहतो. निवड माशाच्या लांबीवर नको, तोंडावर हवी. वाळूच्या किनाऱ्यावरची मुडदुशी वीतभर लांब असली तरी तिचं तोंड इवलंसं, तिला ६-८ नंबर. खाडीतली काळुंदर ताटाएवढी दिसली तरी तोंड चिमुकलं, ८-१० नंबर. तांबोशीला १/० ते ४/०, आणि जिताड्याला, त्याचा जबडा एकदा उघडून पाहिला असेल तर सांगायला नको, ३/० पासून पुढे. लहान गळावर मोठा मासा कधीतरी मिळतो. मोठ्या गळावर लहान तोंडाचा मासा फक्त आमिष खाऊन जातो.

आकाराइतकाच घाट महत्त्वाचा. साधा गळ लागायला हिसका द्यावा लागतो, आणि उशीर झाला तर मासा तो घशात उतरवतो. टोक आत वळलेला गोल गळ उलट वागतो. मासा आमिष घेऊन वळला, दोरी ताणली, की तो सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. त्याला हिसका द्यायचा नसतो. दिलात तर तो तोंडातून तसाच बाहेर येतो. ज्यांचा हात सवयीने उसळतो त्यांना हा गळ शिकायला वेळ लागतो, पण लहान मासा परत सोडायचा असेल तर यासारखा गळ नाही. समुद्रासाठी कथील किंवा निकेलचा मुलामा असलेला गळ घ्यावा. तपकिरी रंगाचा साधा पोलादी गळ गोड्या पाण्यात वर्षभर चालतो, खाऱ्या पाण्यात दोन फेऱ्यांत गंजतो.

काही मासे गळाच्या वाटेला जातच नाहीत, हेही खर्च करण्याआधी माहीत असावं. बोय तळाचा गाळ आणि शेवाळ चाटत फिरते. खाडीत तिच्या उड्या पाहून कितीही गळ बदलले तरी हाती काही लागत नाही. पापलेटही सहसा गळाला येत नाही. बोयसाठी हवा पाग, म्हणजे हाताने फेकून पसरायचं जाळं. आणि पागालाही आपलं पाणी लागतं: पाग पसरल्यावर त्याच्या काठाच्या गोळ्या तळाला टेकेपर्यंत मासा निसटता कामा नये, म्हणून पाणी कमरेएवढं किंवा छातीएवढं, तळ वाळूचा किंवा चिखलाचा, आणि प्रवाह मंद. खडकावर टाकलेला पाग फाटूनच वर येतो. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, जितकी बारीक तितका पाग सावकाश बुडतो आणि पिल्लंही धरतो, म्हणून मोठ्या आशीचा पाग दोन्ही अर्थांनी बरा.

आता खाडी थोडी सावकाश पाहू, कारण कोकणात सर्वांत जास्त माणसं गरवतात ती तिथे. खाडीचं पाणी वर्षातला बराच काळ गढूळ. मासा डोळ्यांपेक्षा वासावर आणि हालचालीवर आमिष शोधतो. म्हणून ताजं आमिष हे तिथलं सर्वांत महत्त्वाचं 'सामान': कोळंबी, माकुळाची पट्टी, बांगड्याचा तुकडा. मेलेली कोळंबी शेपटीकडून गळावर चढवून वरून शिवणकामाच्या बारीक रबरी दोऱ्याचे चार वेढे दिले की फेकताना सुटत नाही आणि खेकडे ती एका घासात पळवत नाहीत. जिताड्यासाठी कोळंबी जिवंत हवी. ती डोक्यावरच्या करवती काट्याच्या मुळाशी, आतला काळा ठिपका टाळून, गळ अलगद पार करून लावली तर पाण्यात पोहत राहते. त्या काळ्या ठिपक्याला गळ लागला की कोळंबी जागीच मरते. तिच्यावर शिसं लादायचं नाही. प्रवाह मंद असेल तर नुसता बोया, नाहीतर दोरीवर मोकळी सरकणारी लहानशी गोळी.

जिताडा आणि तांबोशी दोघेही तिवरांच्या मुळांत, पुलाच्या खांबांशी, बंदराच्या जुन्या दगडांत दबा धरून असतात. लागला की पहिल्या तीन सेकंदांत मासा घरात घुसायला पाहतो. तिथे वीस मीटर दोरी सोडून खेळवण्याची कल्पना सोडून द्यावी. दोरी जाड, रीळ आवळलेलं, काठी आखूड आणि ताठ. जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते आणि तो डोकं झटकतो तेव्हा तीच दोरीवर घासते, म्हणून लीडर ४० पौंडांच्या खाली नसावा. सुरमईसारख्या दातेरी माशाला तर तारेचंच टोक लागतं. आणि खाडीत शिंगाळा हमखास लागतो. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असतं. हाताने धरायला जाऊ नये, लांब पक्कड हा सामानाचा भागच समजावा. पाकट वर आलं तर दोरी कापून मोकळं करावं.

खडपावर काय लागतं ते वर आलंच. राहिलं ते पायांचं. हजार रुपयांचा खर्च उरला असेल तर तो काठीवर न करता बुटांवर करावा, शेवाळावर पकड घेणाऱ्या तळव्याच्या. समुद्राकडे पाठ करून गळ बांधत बसू नये, आणि सुक्या खडकावरच उभं राहावं. ओला खडक म्हणजे लाट तिथपर्यंत येऊन गेली आहे. कार्बनची काठी वीजवाहक असते, त्यामुळे वळवाचे ढग गडगडायला लागले किंवा डोक्यावरून विजेच्या तारा जात असल्या तर ती खाली ठेवायची.

वाळूच्या किनाऱ्यावर गंमत अशी की बरेच जण ताकद लावून मासे असतात त्यांच्या पलीकडे फेकतात. लाटा फुटतात त्या रेषेच्या अलीकडे एक खोलगट घळ असते, पाणी तिथे जरा गडद दिसतं, आणि मुडदुशी त्याच घळीत चरते. बारीक गळ, कोळंबीचा नखाएवढा तुकडा, ४०-५० ग्रॅमचं टोकदार शिसं. एवढ्यावर काम भागतं.

गोड्या पाण्याचा हिशेब वेगळा. उजनीसारख्या धरणात प्रवाह नाही, त्यामुळे शिशाचा प्रश्न जवळजवळ संपतो आणि बोयाचा सुरू होतो. बोया तोलणं हे खरं कसब. आमिष लावून तो पाण्यात सोडायचा आणि खाली मोहरीएवढ्या गोळ्या एकेक करून वाढवत न्यायच्या, इतक्या की बोयाचं फक्त रंगीत टोक वर राहील. अर्धा बोया वर तरंगत असेल तर चिलापीला आमिष ओढताना त्या तरंगत्या बोयाचा विरोध जाणवतो आणि ती सोडून देते. नीट तोललेला बोया तिला जाणवतच नाही. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या थरात. म्हणून कणकेचा किंवा पेंडीचा गोळा तोच, पण मृगळसाठी तो तळाला टेकलेला आणि कटल्यासाठी बोयाखाली वर टांगलेला. मरळ मात्र कडेच्या गवतात बेडकाची वाट पाहत असते. तिथे गवत न पकडणारा, टोक झाकलेला गळ आणि मजबूत दोरी. धरणं आणि तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा बसण्याआधी विचारावं. लोक सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता बसलेल्याला मात्र उठवतात, आणि ते बरोबरच आहे.

सह्याद्रीतल्या नद्यांमधला महसीर हा गरवणाऱ्यांचा जुना ध्यास. दख्खनच्या महसीराची शास्त्रीय नोंद साइक्स या निसर्ग-अभ्यासकाने १८३९ मध्ये केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या नदीकडे पाहून हे खरं वाटत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून नद्यांत आणि तलावांत सोडली जातात. त्याच्यासाठी कोणतं सामान घ्यावं हे मी इथे सांगत नाही. महाडजवळ वाळणकोंडीला काठावरून चुरमुरे टाकावेत आणि हातभर लांबीचे महसीर पाहावेत. देवीचे मासे म्हणून तिथे कुणी गळ टाकत नाही.

आता काठी. शिशाचं वजन ठरलं की काठी आपोआप ठरते, कारण प्रत्येक काठीवर ती किती ग्रॅम फेकू शकते ते छापलेलं असतं. शिसं आणि आमिष मिळून ६० ग्रॅम होत असेल तर १५-४० ग्रॅमची काठी मोडेल आणि १००-२०० ग्रॅमची काठी वाकणारच नाही; वाकली नाही तर फेक जात नाही. वाळूवर लाटांच्या वरून दोरी ठेवायला दहा-बारा फुटी, खाडीत आणि जेटीवर सहा-सात फुटी, धरणावर बोयासाठी लांब पण हलकी. काचतंतूची काठी जड असते पण आपटली तरी टिकते. कार्बनची हलकी, संवेदनशील, आणि गाडीच्या दारात एकदा सापडली की दोन तुकडे. पहिली काठी काचतंतूचीच घ्यावी. तळ्याच्या काठाला तर कळकाची काठीही पुरते, आणि होडीवरून किंवा जेटीवरून सरळ खाली गरवायचं असेल तर काठी लागतच नाही. बाटलीला गुंडाळलेली हातदोरी कुठल्याही काठीपेक्षा जास्त सांगते.

रिळाचं एकच अंग नीट समजून घ्यावं: त्याचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग. दोरी तुटण्याआधी रीळ सुटलं पाहिजे. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ताणावर ते लावायचं. २० पौंड म्हणजे ९ किलो. तर सव्वादोन ते तीन किलोला रीळ फिरायला हवं. हाताने ओढून 'बरंय' म्हणण्यात अर्थ नाही. गॅसची टाकी मोजायचा स्प्रिंगचा काटा दोरीच्या टोकाला अडकवायचा, दुसऱ्याने काठी धरायची, आणि आकडा पाहून कळ आवळायची. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या मंद धारेखाली धुवायचं, फवाऱ्याने नाही. जोराच्या पाण्याने मीठ आतच ढकललं जातं.

पावसाळ्याच्या तोंडावर एक पथ्य. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण तो बऱ्याच माशांचा विणीचा काळ. पहिल्या पावसात गोड्या पाण्यातले मासेही अंडी घालायला ओढ्यांत चढतात, वलगणीचे मासे म्हणून लोक टोपल्या भरतात. काठी घेऊन हौस भागवणाऱ्याने तरी त्या दिवसांत घरी बसावं. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. सामानाच्या पेटीत एक मोजपट्टीही असू द्यावी.

आणि अजून काही विकत घेतलं नसेल तर घाई करू नका. येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, संध्याकाळी साडेपाच-सहाच्या ओहोटीला, जिथे गरवायचं मनात आहे तिथे रिकाम्या हाताने जाऊन या. एरवी पाण्याखाली असलेला तळ तेव्हा उघडा पडलेला असतो. घळ कुठे आहे, कालवांचे खडक कुठे, वाळू कुठे संपते, कुणाच्या तुटलेल्या दोऱ्या कुठल्या कपारीत लटकताहेत, सगळं पाहा, मोबाइलवर फोटो काढा. मग दुकानात जा आणि आधी गळ मागा.